बपेऱ्याच्या धानपट्ट्यात वाळवंटातला चेंडू

युफोर्बिया ओबेसा दिसतो निवडुंगासारखा, पण आहे आपल्या कुंपणावरच्या शेराचा भाऊबंद! मूळ गाव दक्षिण आफ्रिकेचं कारू. हिरवट गोल अंग, त्यावर साधारण आठ धारा, काटे नाहीत.

🌵 बपेऱ्याचं ऊन त्याला सोसतं, सततचा पाऊस नाही. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली, उजेडात ठेवा.

🌵 अर्ध्याहून जास्त जाड रेती आणि विटांचा चुरा, बाकी माती. बांधीतली चिकण माती नकोच.

🌵 माती पूर्ण सुकल्यावरच पाणी. थंडीत अगदी कमी.

🌵 मे महिन्यात दुपारी सावली हवी.

🌵 नर-मादी झाडं वेगळी. बियांसाठी दोन्ही लागतात.

चीक डोळ्यांना घातक, जपा. निसर्गात ही जात संकटात आहे, म्हणून रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलंच रोप घ्या.