पंधरा दिवसांचे सांगता येत नाही, मग पन्नास वर्षांचे कसे?



वसंतातील व्याख्याने आणि पावसाची भाकिते आपल्या जिल्ह्यात एकाच सुमारास येतात. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगितले जाते आणि लगोलग बाजारात त्याची चर्चा सुरू होते. अशाच एका चर्चेत खामगावात एका हमाल सोबत्याने मला अडवले. “भाऊ, वेधशाळेला पंधरा दिवसांनंतरचा पाऊस सांगता येत नाही. मग पन्नास वर्षांनी ऊन वाढेल, हे कोणत्या तोंडाने सांगतात?” प्रश्न बिनतोड होता. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. उत्तर वाचनालयात बसून शोधावे लागले. तेच आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम समतोल म्हणजे काय ते पाहू. तराजूची दोन्ही पारडी सारखी झाली की काटा थांबतो. हा निश्चलतेचा समतोल. आता जिनिंगच्या आवारातील कापसाचा ढीग पाहा. एकीकडून गाड्या रिकाम्या होतात, दुसरीकडून रुई आणि सरकी बाहेर पडते. ढीग दिवसभर तेवढाच दिसतो. पण गाड्या थांबल्या की तो संपू लागतो. म्हणजे त्याचे स्थैर्य अखंड येण्याजाण्यावर उभे आहे. शास्त्रज्ञ अशा अवस्थेला असमतोल स्थिती म्हणतात. तेवणारी पणती, आपले शरीर आणि पृथ्वीचे हवामान ही सारी याच जातीची.

पृथ्वीचा जमाखर्च असा आहे. दर चौरस मीटरला सरासरी ३४० वॅट ऊन मिळते. सुमारे १०० वॅट तसेच परत जाते, २४० वॅट मुरते आणि जवळजवळ तेवढीच उष्णता पुन्हा आकाशात जाते. पण जमा जिथे जास्त, तिथे खर्च तेवढा जास्त नाही. विषुववृत्ताकडे शिल्लक उरते, ध्रुवांकडे तूट येते. ही शिल्लक वाहून नेण्याची हमाली वारे आणि सागरप्रवाह करतात. आपला मोसमी पाऊसही जमीन आणि समुद्र कमीअधिक तापण्यातूनच निर्माण होतो.

चुलीवरचे आधण आठवा. आच अगदी मंद असेल तर उष्णता मुकाट्याने वर सरकते. तळ आणि पृष्ठभाग यांतील फरक एका मर्यादेपलीकडे गेला की पाणीच फिरू लागते. अशा आपोआप उभ्या राहणाऱ्या रचनांच्या अभ्यासासाठी इल्या प्रिगोझीन यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तापणाऱ्या द्रवाच्या याच फिरण्यावरून अमेरिकेतील एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली तीन समीकरणे मांडली. त्यापूर्वी, १९६१ साली, हवेचे एक गणित यंत्रावर पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा घातला होता. थोड्याच वेळात दोन्ही उत्तरांचे एकमेकांशी नाते उरले नाही. आजची हवा कोणालाही तंतोतंत मोजता येत नाही. म्हणून रोजच्या हवेचे भाकीत सुमारे दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. येथवर आमचा सोबती बरोबर होता.

पण हजेरीपट पाहा. उद्या नेमका कोण गैरहजर राहील हे मुकादमास सांगता येत नाही. लग्नसराईत गैरहजेरी वाढेल हे मात्र तो छातीठोक सांगतो. पहिला प्रश्न हवेचा, दुसरा हवामानाचा. १९७६ साली जर्मनीचे क्लाउस हासेलमान यांनी यालाच गणिताचे रूप दिले. पाण्यातील सूक्ष्म कण रेणूंच्या धक्क्यांनी भरकटतो, हे आईन्स्टाईन यांनी १९०५ मध्ये उलगडले होते. त्याच रीतीने रोजच्या हवेचे आंधळे धक्के जड समुद्र साठवतो आणि त्यांतून वर्षानुवर्षांचे हेलकावे निर्माण होतात. अशा हेलकाव्यांतून माणसाने दिलेला रेटा वेगळा कसा ओळखावा, हेही त्यांनी दाखवले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

तो रेटा केवढा? कोळसा आणि तेल जाळून आपण आकाशात जाणारी उष्णता अडवली. आज जमेची बाजू खर्चापेक्षा दर चौरस मीटरला सुमारे १ वॅटने जास्त आहे. आकडा लहान वाटतो. पण तो रात्रंदिवस साऱ्या पृथ्वीवर साठतो आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या.

हवामानाने ठाव बदलला तर काय होते, त्याचे दप्तर आपल्या लोणारलाच आहे. उल्कापाताने झालेल्या त्या सरोवरातून बाहेर वाहणारा ओढा नाही. पाऊस आणि झरे ही जमा, बाष्पीभवन हा मुख्य खर्च. भारतीय व जर्मन संशोधकांनी तळाचा गाळ उपसून सुमारे अकरा हजार वर्षांचा हिशेब वाचला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वी, येथे दीर्घ कोरडे काळ होऊन गेले. पाणी आटताना बनलेले क्षारांचे खडे त्या थरांत सापडले. अवर्षण एकदोन सालांत संपेलच, अशी हमी निसर्गाने दिलेली नाही.

हे सारे मी त्या सोबत्यास सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे उद्या पोत्यांवर ताडपत्री टाकायची का, हे वेधशाळेला विचारायचे, आणि यार्डात पक्की शेड बांधायची का, हे या जमाखर्चाला.” याहून नेमके मला सांगता येणार नाही. पक्की शेड आणि वैशाखात दुपारी बारा ते चार माल उतरवण्यास बंदी, या दोन मागण्या आमच्या यादीत आल्या त्या याच हिशेबावरून.