दयेचा प्रवास नको, समतेचा हवा!

पेठ वडगावातील आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचा मुलगा परवा एक रंगीत पत्रक घेऊन आला. 'घानामध्ये दोन आठवडे : साहस आणि सेवा.' जंगलातल्या झुलत्या पुलावरून चालायचे, हत्ती बघायचे, समुद्रकिनारी तंबू ठोकायचा आणि मधल्या दिवसांत एका अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचे, शाळेच्या भिंती रंगवायच्या. विमानभाडे सोडून रक्कम लाखाच्या वर. पोराचा बाप शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत राबतो. पोरगा म्हणाला, "काका, जाऊ काय? कर्ज काढायला लागंल."

त्याला लगेच उत्तर देणे आम्हाला जमले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या पोरांनी सातासमुद्रापार जाऊ नये असे आम्ही कसे म्हणू? 1913 साली बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद झाली, राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचे नेते म्हणून पुढे केले आणि त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला रवाना झाले. ज्या समाजाला गावाची वेस ओलांडताना खाली मान घालावी लागत होती, त्याचा माणूस जगाच्या विद्यापीठात ताठ मानेने बसला. तो प्रवास ज्ञानासाठी होता. तिथे जाऊन कुणावर उपकार करायचे त्यांच्या मनातही नव्हते.

आता या 'सेवे'कडे बघा. दोन आठवड्यांत मुलाला कोणती इंग्रजी येणार? आज एक ताई येते, पंधरा दिवसांनी जाते, मग दुसरा दादा येतो. लळा लावायचा आणि तोडायचा! शिवाय जिथे पाहुण्यांचा पैसा येतो तिथे अनाथांची मागणी वाढते. आईबाप जिवंत असलेली मुलेही अशा आश्रमांत भरली जातात, हे अनेक देशांत उघड झाले आहे. ज्याने आयुष्यात थापी धरली नाही तो भिंत बांधतो, आणि गावचा गवंडी रिकामा बसतो. मग फोटो निघतात. मधोमध पाहुणा, भोवती उघडी काळी पोरे. त्या पोरांची परवानगी कोणी घेतली?

हे आम्हाला नवे नाही. आमच्या वस्तीतही असे पाहुणे येऊन गेले आहेत. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचे शिबिर, ही योजना चांगलीच आहे. पण कित्येक शिबिरांत आम्ही काय पाहिले? मुक्काम देवळाच्या सभामंडपात, जेवण पाटलाच्या वाड्यात आणि झाडू मात्र बौद्धवाड्यात! हातात खराटा घेतलेल्यांचे फोटो निघाले, पण त्या वस्तीच्या घरात बसून कपभर चहा किती जणांनी घेतला? दया वरून खाली येते. समता शेजारी बसते. हा फरक ज्याला आपल्या गावात कळला नाही, त्याला आफ्रिकेत काय कळणार?

आणि घाना हा काही दयेचा देश नव्हे. 6 मार्च 1957 रोजी क्वामे एन्क्रुमा यांच्या नेतृत्वाखाली तो इंग्रजांच्या जोखडातून मुक्त झाला. तिथल्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला आहे, पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधलेला. जवळच केप कोस्टचा किल्ला आहे. तिथे गुलाम पुरुषांच्या अंधारकोठडीच्या डोक्यावर प्रार्थनागृह होते. वर देवाचे नाव, खाली साखळदंडातली माणसे! ज्यांच्या पूर्वजांना देवळाच्या पायरीपासून हाकलले गेले, त्यांना हे दृश्य समजावून सांगायला वाटाड्या लागत नाही. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, ती हे नाते ओळखूनच.

घानाची राजधानी आक्रा. तिथे डु बॉईस यांची समाधी आहे. अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याचा हा विद्वान नेता उतारवयात घानात गेला आणि 27 ऑगस्ट 1963 रोजी तिथेच वारला. याच डु बॉईस यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिले होते. अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे नेलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या, आणि डु बॉईस यांनी आपुलकीने उत्तर दिले. सहलीच्या त्या रंगीत पत्रकात हत्ती आहेत, पण ही समाधी नाही!

घानाच्या व्होल्टा भागात ट्रोकोसी नावाची प्रथा होती. घरातल्या कुणाच्या अपराधाची फेड म्हणून कोवळी मुलगी देवस्थानाला द्यायची. 1998 मध्ये कायद्याने ती गुन्हा ठरली. देवाला सोडलेल्या मुली कोल्हापूर, निपाणी, सौंदत्तीच्या पट्ट्याला ठाऊक नाहीत काय? कर्नाटकाने 1982 मध्ये देवदासीविरोधी कायदा केला, महाराष्ट्राने 2005 चा. तिथल्या आणि इथल्या सुटलेल्या बायांनी समोरासमोर बसून बोलावे, असा एखादा दौरा कोण काढतो?

स्वाभिमानाचा धडाही तिथे आहे. जून 2016 मध्ये घाना विद्यापीठात भारताच्या राष्ट्रपतींच्या हस्ते गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना काळ्या लोकांविषयी जे लिहिले ते पुढे ठेवून तिथल्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी पुतळ्याला विरोध केला. डिसेंबर 2018 मध्ये पुतळा हटवला गेला. ज्यांना आपण शिकवायला निघालो, ते वाचतात, विचार करतात आणि प्रश्न विचारतात!

आता आपल्या घरातही डोकावू. मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकन मुलाला खोली देताना घरमालक तोंड का वेडेवाकडे करतो? 'जात कोणती?' या प्रश्नावर आम्ही खोल्या गमावल्या आहेत. मग आमच्यापैकी कुणी काळ्या माणसाला हसत असेल, तर त्याने बाबासाहेबांची जयंती कोणत्या तोंडाने साजरी करावी?

दोष एकट्या पोराचा नाही. त्याला जग बघायचे आहे आणि दुसरी वाट दिसत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अवघ्या 75 विद्यार्थ्यांसाठी, तीही जागतिक क्रमवारीच्या अटीवर. केंद्राने 2022 मध्ये आपल्या परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे बाहेर जाऊन जातीचा अभ्यास करू नका! यावर जयंती मंडळांनी आवाज उठवायला नको? डीजेचा खर्च आटोपता घेऊन एका पोराच्या तिकिटाला हात लावायला नको?

त्या मुलाला आम्ही शेवटी एवढेच सांगितले. बाळा, कर्ज काढून कुणावर उपकार करायला जाऊ नकोस. आधी सायकल काढ, मित्रांना घेऊन माणगावला जा, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या शेजारी बस, वहीत लिहून घे. शीक, अर्ज कर, शिष्यवृत्ती मिळव. मग घानाला जरूर जा. विद्यार्थी म्हणून जा, पाहुणा म्हणून राहा, भाऊ म्हणून परत ये. आणि डु बॉईस यांच्या समाधीवर एक फूल आमच्याही नावाने ठेव.

जय भीम!