शेवरले गेली, चिनी कंपनी आलीच नाही, आता व्हेन्यू बनतेय: तळेगावच्या एका कारखान्याचा किस्सा

गाड्यांचं वेड असलेले चार लोक एकत्र जमले की गप्पा ठरलेल्या असतात. अमुक कंपनीची नवी एसयूव्ही कधी येणार, इलेक्ट्रिक कितीला पडणार, डिझेल ठेवणार की बंद करणार. सध्या या गप्पांमध्ये ह्युंदाईचं नाव जोरात आहे. कारणही तसंच आहे. आर्थिक वर्ष 2030 पर्यंत भारतात 26 गाड्या आणणार, असं कंपनीनं जाहीर करून टाकलंय.

पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. या गाड्या बनणार कुठे?

त्याचं एक उत्तर आपल्या मावळात आहे. पुण्याजवळच्या तळेगाव एमआयडीसीत एक कारखाना आहे. गेल्या 17 वर्षांत त्याच्यावर तीन कंपन्यांनी हक्क सांगितला आणि तिघींनीही नव्या गाड्यांची मोठी स्वप्नं दाखवली. त्यातल्या दोन कंपन्यांच्या यादीचं काय झालं ते बघितलं, की तिसरीची यादी कशी वाचायची ते आपोआप कळतं.

पहिला अंक : शेवरलेची स्वप्नं

सप्टेंबर 2008. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं तळेगावात नवा कारखाना सुरू केला. कंपनीचा एक कारखाना गुजरातमधल्या हालोलला आधीपासून होता. तळेगावात स्पार्क बनू लागली, पुढे बीट आली. त्या काळात पहिली गाडी म्हणून बीट घेतलेले लोक तुमच्या ओळखीत नक्की सापडतील.

पण मारुती आणि ह्युंदाईपुढे शेवरलेचा जम काही बसला नाही. तरीही जुलै 2015 मध्ये जनरल मोटर्सनं जाहीर केलं की भारतात 1 अब्ज डॉलर गुंतवणार, दहा नव्या गाड्या आणणार, हालोल बंद करून सगळा भर तळेगाववर देणार आणि तळेगावला निर्यातीचं मोठं केंद्र बनवणार.

2016 च्या ऑटो एक्स्पोत गाड्या मांडल्याही गेल्या. त्यात स्पिन नावाची सात सीटर होती. अर्टिगाला टक्कर देणार म्हणून तिची चांगलीच हवा झाली. त्याच वर्षी कंपनीनं स्पिनचा बेत गुंडाळला. मे 2017 मध्ये तर थेट घोषणा झाली की वर्षअखेरपर्यंत भारतात शेवरलेची विक्रीच बंद.

म्हणजे 1 अब्ज डॉलरची घोषणा आणि दुकान बंद करण्याची घोषणा यांच्यात दोन वर्षांचंही अंतर नव्हतं.

तळेगावचा कारखाना मात्र लगेच थांबला नाही. इथे बनलेली बीट मेक्सिकोसारख्या देशांत जात राहिली. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्या मावळात बनत होत्या आणि पुण्याच्या रस्त्यावर शेवरलेची नवी गाडी दिसणं बंद झालं होतं. डिसेंबर 2020 मध्ये हे कामही संपलं.

दुसरा अंक : चिनी कंपनी आणि गलवान

जानेवारी 2020 मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सनं तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला. पुढच्याच महिन्यात ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत तिनं भलामोठा स्टॉल लावला. हवाल ब्रँडच्या एसयूव्ही, ओरा आर1 नावाची छोटी इलेक्ट्रिक, असा सगळा थाट होता. गाडीप्रेमींच्या यादीत तळेगावच्या नावावर पुन्हा नव्या गाड्या जमा झाल्या.

कंपनीला धीर वाटावा असं एक उदाहरणही समोर होतं. जनरल मोटर्सचा हालोलचा कारखाना चीनच्याच एसएआयसीनं 2017 मध्ये घेतला होता. तिथून 2019 मध्ये एमजी हेक्टर आली आणि चाललीही.

पण मधल्या काळात नियम बदलला. एप्रिल 2020 मध्ये केंद्र सरकारनं ठरवलं की भारताला लागून जमिनीची सीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी सरकारची परवानगी लागेल. जून 2020 मध्ये ग्रेट वॉलनं महाराष्ट्र सरकारसोबत सुमारे 3,770 कोटींचा सामंजस्य करार केला आणि त्याच दिवसांत गलवान खोऱ्यात भारत-चीन सैनिकांमध्ये संघर्ष झाला. भारताचे 20 जवान शहीद झाले. राज्य सरकारनं चिनी कंपन्यांसोबतचे करार जैसे थे ठेवले आणि केंद्राची परवानगी काही आली नाही.

दोन्ही कंपन्या मुदत वाढवत राहिल्या. अखेर 30 जून 2022 ला मुदत संपली आणि व्यवहार मोडला. हवालची एकही गाडी भारतात विकायला आली नाही.

एकाच मालकाचे दोन कारखाने, दोन्हींसाठी चिनी गिऱ्हाईक. हालोलचा सौदा झाला, तळेगावचा फिसकटला. फरक पडला तो फक्त वेळेचा.

तिसरा अंक : ह्युंदाईला तळेगाव का हवं होतं?

ह्युंदाईनं 1998 मध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरमधून सँट्रो बाजारात आणली. तेव्हापासून कंपनीचा भारतातला सगळा डोलारा तिथेच उभा आहे. वर्षाला 8 लाख 24 हजार गाड्या बनवण्याची तिथली क्षमता. अडचण अशी झाली की ही क्षमता जवळजवळ पूर्ण वापरात आली. क्रेटा जास्त हवी असेल तर दुसरी कुठली तरी गाडी कमी बनवायची, अशी वेळ.

आता एखादं मॉडेल हिट झालं की वेटिंग का वाढतं, हे यावरून लक्षात येईल. डीलरकडे फोन करून उपयोग नसतो, कारण अडलेलं असतं ते कारखान्यात. आणि जागा नसेल तर नवी गाडी आणणार तरी कुठून?

नवीन कारखाना उभारायचा म्हटलं तर जमीन, परवानग्या, बांधकाम यात वर्षं जातात. तळेगावात जमीन, इमारती आणि वर्षाला 1 लाख 30 हजार गाड्यांची तयार क्षमता पडून होती. आसपास चाकण, पिंपरी-चिंचवड. म्हणजे सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो कंपन्या हाताशी. जेएनपीटी बंदर शंभरेक किलोमीटरवर. शिवाय चेन्नईहून उत्तर भारतात गाडी पाठवायची तर दोन हजार किलोमीटरचा प्रवास. तळेगावातून तो बराच कमी होतो.

मार्च 2023 मध्ये प्राथमिक बोलणी कागदावर आली आणि 16 ऑगस्ट 2023 ला करार झाला.

कारखाना तयार होता, मग गाडी यायला दोन वर्षं का लागली?

कारच्या कारखान्यात ढोबळमानानं चार टप्पे असतात. प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून दरवाजे, बॉनेट, छत बनतं. बॉडी शॉपमध्ये हे तुकडे वेल्डिंग करून सांगाडा तयार होतो. पेंट शॉपमध्ये रंग लागतो. शेवटी असेंब्लीत इंजिन, सीट, वायरिंग, चाकं बसतात.

यातल्या इमारती आणि काही यंत्रं नव्या मालकाच्या कामी येतात. पण पत्रा दाबायचे साचे प्रत्येक मॉडेलचे वेगळे. वेल्डिंगचे रोबो कुठे टाका मारणार, हे त्या गाडीच्या मापावर ठरतं. बीटसाठी लावलेल्या लाइनवर व्हेन्यू बनत नाही. स्वयंपाकघर तेच, पण भांडी नवी, शेगडी नवी आणि पदार्थही वेगळा, असा प्रकार.

त्यानंतर चाचणीचं उत्पादन सुरू होतं. पुण्याच्या आसपास काळे-पांढरे स्टिकर लावलेल्या, मागे एआरएआयच्या चाचणीची पाटी असलेल्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. या टप्प्यातल्या गाड्या अशाच असतात.

तळेगावात ह्युंदाईनं जून 2025 मध्ये आधी इंजिनं बनवायला घेतली आणि ऑक्टोबर 2025 पासून गाड्या. पहिला मान मिळाला नव्या व्हेन्यूला. ती 4 नोव्हेंबर 2025 ला बाजारात आली, सुरुवातीची किंमत 7 लाख 90 हजार.

टायमिंगही जुळून आलं. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला. आधी 28 टक्के आणि वर सेस असा हिशोब होता. अट अशी की लांबी चार मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत. व्हेन्यू या मापात बसते.

26 गाड्यांचं गणित

आता मूळ विषयाकडे येऊ. 26 म्हणजे 26 कोऱ्या गाड्या नाहीत. त्यात पूर्णपणे नवीन नावाच्या गाड्या फक्त 7 आहेत. बाकीच्यांमध्ये सध्याच्या गाड्यांच्या नव्या पिढ्या आणि फेसलिफ्ट धरलेत. फेसलिफ्ट म्हणजे बंपर, दिवे, आतली स्क्रीन बदलून आणलेली तीच गाडी.

नवीन काय, तर कंपनीनं ऑक्टोबर 2025 मध्ये एमपीव्ही, ऑफ-रोड एसयूव्ही, भारतासाठी बनवलेली इलेक्ट्रिक एसयूव्ही आणि 2027 पर्यंत जेनेसिस हा आलिशान ब्रँड, अशी यादी दिली. त्यासाठी आर्थिक वर्ष 2030 पर्यंत 45,000 कोटी रुपये गुंतवायचे ठरवलंय.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ऑक्टोबर 2024 मध्ये ह्युंदाई इंडियाचा 27,870 कोटींचा आयपीओ आला होता. त्या पैशातून तळेगाव उभं राहिलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. त्या आयपीओत कोरियातल्या मूळ कंपनीनं आपल्याकडचे शेअर विकले, त्यामुळे पैसेही तिच्याकडेच गेले.

क्षमतेचं सांगायचं तर तळेगावात पहिल्या टप्प्यात वर्षाला 1 लाख 70 हजार गाड्या बनवायच्या आहेत. 2028 पर्यंत हा आकडा अडीच लाखांवर न्यायचा आहे. म्हणजे चेन्नई धरून 10 लाख 74 हजार. एवढ्या गाड्या देशातच खपतील असा कंपनीचा हिशोब नाही. 2030 पर्यंत 30 टक्क्यांपर्यंत वाटा निर्यातीचा असेल, असं तिनं सांगितलंय.

हे सगळं करण्यामागे घाईही आहे. वर्षानुवर्षं ह्युंदाई देशात मारुतीच्या मागोमाग दुसरी असायची. 2025 मध्ये महिंद्रा आणि टाटांनी अनेक महिने तिला मागे टाकलं. महिंद्राचा मोठा कारखाना तर शेजारीच, चाकणला आहे.

कारखाना विकला गेला, कामगारांचं काय झालं?

या किस्स्यातला सगळ्यात अवघड भाग हाच. उत्पादन थांबल्यावर जनरल मोटर्सनं 2021 मध्ये सुमारे 1,400 कामगारांना ले-ऑफ दिला. कंपनीनं भरपाईचं पॅकेज देऊ केलं. कामगार संघटनेचं म्हणणं होतं की पॅकेज नको, काम द्या. जो कारखाना घेईल त्यानं आम्हालाही घ्यावं. वाद लेबर ऑफिसपासून कोर्टापर्यंत गेला.

ह्युंदाईचा करार झाला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा. त्यात माणसं नव्हती. कायद्याच्या भाषेत याला मालमत्तेची खरेदी म्हणतात. चालू कंपनी विकत घेतली तर तिच्या जबाबदाऱ्याही सोबत येतात. नुसती मालमत्ता घेतली तर कामगारांचा हिशोब सहसा जुन्या मालकाच्या खात्यावर राहतो.

असंच व्हायला हवं, असा मात्र नियम नाही. 2022 मध्ये टाटांनी फोर्डचा साणंदचा कारखाना 725 कोटी 70 लाखांना घ्यायचा करार केला. तिथल्या पात्र कर्मचाऱ्यांना नोकरी देऊ करायची, हे करारातच लिहिलेलं होतं.

तळेगावात बीट बनवणाऱ्या कामगारांसाठी 2015 ची ती 1 अब्ज डॉलरची घोषणा म्हणजे गाड्यांच्या गप्पा नव्हत्या. कुणी त्या भरवशावर घराचं कर्ज काढलं असेल, कुणी मुलांच्या शाळा ठरवल्या असतील. स्पिन आली नाही म्हणून गाडीप्रेमींनी अर्टिगा घेतली. कामगारांना असा दुसरा पर्याय सहज मिळत नाही.

मग यादी वाचायची कशी?

तळेगावच्या अनुभवावरून तीन गोष्टी बघाव्यात. ऑटो एक्स्पोत मांडलेली गाडी ही नुसती इच्छा असते. स्पिन आणि हवाल दोन्ही तिथे होत्याच. गुंतवणुकीचा आकडा हा इरादा असतो, तो दोन वर्षांत फिरू शकतो. पण कारखान्यात त्या गाडीचे साचे आले, लाइन लागली, भाग पुरवणाऱ्यांना ऑर्डर गेल्या, की कंपनीचे पैसे अडकलेले असतात. मग ती गाडी सहसा येतेच.

त्या हिशोबानं तळेगावची व्हेन्यू पक्की होती, म्हणून ती आली. एमपीव्ही, ऑफ-रोडर आणि जेनेसिसचं नाव निघालं की किंमत आणि मायलेजच्या आधी एवढंच विचारायचं, लाइन कुठे लागलीय?