रक्तातील पांढरी पलटण

घरात कोणाचा ताप चौथ्या दिवशीही उतरला नाही, की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. संध्याकाळी तपासणीचा कागद येतो आणि सारे घर त्यावर वाकते. पांढऱ्या पेशी अठरा हजार! आजोबा म्हणतात, "वाढल्या त्या बऱ्याच. अंगात झुंजण्याची ताकद आहे." सूनबाईंच्या पोटात मात्र गोळा येतो. खरे पाहता या एका आकड्यावरून दोघांनीही निकाल देऊ नये. त्याखाली कोणत्या जातीच्या पेशी किती, हे लिहिलेले असते. खरी कथा तिथे आहे.

निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल. हे आपले पायदळ. जंतू दिसला की गिळायचा आणि आपणही मरायचे, एवढेच त्यांना ठाऊक! हाडांतील मगज रोज सुमारे शंभर अब्ज नवे शिपाई घडवतो. लिंफोसाइट ही दुसरी जात. शत्रूला नेमके ओळखणारी आणि वर्षानुवर्षे त्याची आठवण ठेवणारी.

जंतुदोष बळावून सेप्सिस झाला, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच बेताल प्रतिकाराने अवयव निकामी होऊ लागले, की मगजातून भरती इतक्या घाईने होते की मिसरूडही न फुटलेली पोरे रक्तात उतरतात. एकूण आकडा फुगतो. पण त्याच वेळी लिंफोसाइट झपाट्याने घटतात. जंतू त्यांना मारतात असे नव्हे. त्यांतल्या पुष्कळशा आतूनच आत्मनाश करून घेतात. २०२० सालच्या कोव्हिडच्या साथीतही गंभीर रोग्यांच्या रक्तात ही घट वारंवार दिसली.

अमेरिकेत सेंट लुईस येथील संशोधकांनी २०११ साली सेप्सिसने दगावलेल्या चाळीस रोग्यांच्या पाणथरीतील, म्हणजे प्लीहेतील, पेशी मृत्यूनंतर तीन तासांच्या आत काढून तपासल्या. त्यांना डिवचले असता इतरांच्या पेशींच्या मानाने बहुधा दहावा हिस्साही इशाऱ्याची द्रव्ये त्यांतून निघाली नाहीत. उरलेले पहारेकरीही जणू झोपलेले!

म्हणूनच ताप उतरला, आता पेढे वाटू, असे घरच्यांना वाटते न वाटते तोच एखादा दुसराच जंतू फुप्फुसात शिरतो, किंवा वर्षानुवर्षे अंगात निद्रिस्त असलेला नागिणीच्या जातीचा विषाणू डोके वर काढतो. "रोज रोज काय सुया टोचता?" अशी नातलगांची कुरकुर असते, पण लिंफोसाइट चौथ्या दिवशीही खालीच राहिले तर धोका अधिक, असे आढळले आहे. ती उतरंड एका कागदावर दिसत नाही.

या पेशी वाढवता येतील का? २०१८ साली फ्रान्स व अमेरिकेतील २७ रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इंटरल्यूकिन-७ या द्रव्याने लिंफोसाइट तिप्पट-चौपट झाले. मात्र त्यामुळे अधिक रोगी वाचतात, हे एवढ्या लहान चाचणीतून सिद्ध झाले नाही.