इंद्रायणीकाठचे लिहिते हात

चाकणची आजची ओळख वाहनांच्या कारखान्यांची. पण या गावचा एक कष्टकरी साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच लिहिता झाला होता. संताजी जगनाडे घरचा तेलाचा घाणा चालवत. देहूच्या तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत ते सामील झाले आणि तुकोबांचे अभंग वह्यांत उतरवू लागले. पुढे त्यांच्या नावावर घाण्याचे अभंगही आले. गुरूच्या सहवासात राहूनही त्यांना आपल्या धंद्याचीच भाषा सापडली. या पट्ट्यातल्या लिहित्या माणसांचा मागोवा त्यांच्यापासूनच घ्यायला हवा.

तुकोबांच्या हाती लेखणी दिली ती दुःखानं. १६३०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, दुकान बसलं, पत गेली. त्या काळात आपण संतांची वचनं पाठ केली, कीर्तनात मागं उभं राहून ध्रुपद धरलं आणि मग स्वप्नात नामदेवांनी कवित्वाची आज्ञा केली, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. आधी दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळायचा, मग आपला लावायचा. लिहायला शिकण्याचा याहून चांगला क्रम मला ठाऊक नाही.

बहिणाबाई शिऊरकरांना ही वाट सोपी नव्हती. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांना तुकोबांच्या अभंगांचा ध्यास लागला. नवऱ्यानं बेदम मारलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू मानावं, हे त्याला सोसेना. तरी स्वप्नात तुकोबांनी उपदेश केला, असं त्या सांगतात. पुढे हे कुटुंब देहूला आलं, तिथं तुकोबांच्या विरोधातल्या मंबाजींचा जाच झाला. हे सगळं बहिणाबाईंनी अभंगांत क्रमानं मांडलं. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात ते अगदी आरंभी येतं. त्यात मार आहे, भीती आहे, नवऱ्याविषयीची घालमेलही आहे. काय घडलं आणि मनाला काय वाटलं, दोन्ही एकत्र.

मानसशास्त्र या गोष्टीकडे बरंच उशिरा वळलं. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या आघाताविषयी लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरांकडे कमी जावं लागलं. लिहिताना मात्र ते आधी अस्वस्थच झाले होते. म्हणूनच अशा वेळी जवळ कुणीतरी जाणतं माणूस हवं.

असं माणूस बेबी कांबळे यांना फलटणला भेटलं. दुकान सांभाळता सांभाळता त्या घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या. कित्येक वर्षं ते लेखन तसंच दडवून ठेवलेलं. फलटणला स्थायिक झालेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी त्यांना ते बाहेर काढायला धीर दिला. ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. शब्द बेबीताईंचे, बोली त्यांचीच. बर्नसनबाईंनी दिला तो विश्वास.

इकडे देहू-चाकणच्या पट्ट्यात कारखाने येत गेले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग टेल्को (आजची टाटा मोटर्स) आली, आकुर्डीत बजाज आली, पुढे चाकणची औद्योगिक वसाहत वाढली. २०१६ मध्ये पिंपरीत ८९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. संमेलन लिहिणाऱ्याला मान देतं. लिहू पाहणाऱ्याला मात्र वर्षभर सोबत लागते. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली, कंत्राटावर राबणारी पोरं-पोरी इथं खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. पाळीवरून परतल्यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं: सुटलेलं शेत, तुटलेलं बोट, घरी न कळवलेली नोकरीची अनिश्चितता.

वाचनालयात, कामगार कल्याण केंद्रात पाळीच्या वेळा सांभाळून आठवड्याला एक बैठक भरवता येईल. तिथल्या मार्गदर्शकानं पहिल्याच दिवशी शुद्धलेखन तपासू नये. आधी पूर्ण ऐकावं, न वाचण्याची मुभा द्यावी, आपली शैली लादू नये आणि दुःख लेखनाला पेलणार नाही असं दिसलं, तर डॉक्टरांकडे पाठवावं. घाणेवाल्याला घाण्याचा अभंग सुचला, तसा जुळणी करणाऱ्या मुलीला तिच्या असेंब्ली लाइनचा सुचेल. तो तिच्याच शब्दांत यावा, एवढीच काळजी मार्गदर्शकानं घ्यायची.