मृत्युपत्र व कौटुंबिक विचारविनिमय

आपल्या मरणानंतर आपल्या मालमत्तेची व्यवस्था कशी व्हावी, यासंबंधी व्यक्तीने केलेले कायदेशीर निवेदन म्हणजे मृत्युपत्र. त्यास इच्छापत्र असेही म्हणतात. ते करताना कुटुंबियांची संमती लागत नाही. मात्र त्याचा अर्थ लावण्याची वेळ येते तेव्हा कर्ता हयात नसतो. म्हणून त्यामागील हेतू घरात आधी बोलून ठेवणे इष्ट असते. मरणाचा विषय काढणे अभद्र, ही समजूत त्याच्या आड येते.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे मुंबईत नोकरी करणाऱ्या अनेक मध्यमवर्गीयांची प्रमुख मिळकत म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेतील एक सदनिका होय. कित्येकांचा गावाकडील सामाईक जमिनीतही हिस्सा असतो. संस्थेकडे नामनिर्देशन केले की वारसा ठरला, असे मानून मंडळी निश्चिंत होतात. हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नामनिर्देशित व्यक्तीस केवळ तात्पुरते सभासदत्व मिळते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये भागांच्या नामनिर्देशनाबाबतही हेच तत्त्व सांगितले.

समजा, सदनिका पतीच्या स्वकष्टार्जित पैशाची आहे आणि नामनिर्देशन धाकट्या मुलाचे आहे. पती मृत्युपत्र न करता वारल्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ अन्वये विधवा, दोन मुलगे, विवाहित मुलगी आणि मृताची हयात माता या प्रत्येकास एकपंचमांश हिस्सा मिळतो. एवढीशी जागा विकल्यावाचून वाटता येत नाही आणि विधवेला तर तीतच राहावयाचे असते. पत्नीस तहहयात राहण्याचा हक्क व तिच्या पश्चात मुलांना मालकी, अशी तजवीज मृत्युपत्राने करता येते. मुलीला सोन्याच्या रूपाने आधीच दिले आहे, यासारखी कारणे मात्र वडिलांच्या तोंडूनच मुलांनी ऐकलेली बरी.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे मृत्युपत्रावर कर्त्याची सही व किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन लागते. मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात हिंदूंच्या मृत्युपत्रास प्रोबेट सक्तीचे असल्याने मुलुंडच्या घरास एक नियम व पलीकडच्या ठाण्यातील घरास दुसरा, असा प्रकार दीर्घकाळ होता. संबंधित कलम २१३ हे २०२५ मध्ये वगळण्यात आले.

अखेरच्या आजारातील उपचारांविषयीचे वैद्यकीय इच्छापत्र याहून वेगळे असते. सर्वोच्च न्यायालयाने त्यास २०१८ मध्ये मान्यता दिली व २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. ते दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करावयाचे असते. रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ झाल्यास कोणी बोलावे, त्या आप्तांची नावे त्यात नमूद करावी लागतात. कृत्रिम श्वसनयंत्र कोठवर चालू ठेवावे, हा प्रश्न डॉक्टर त्यांनाच विचारणार असल्याने नाव घालण्यापूर्वी त्यांच्याशी बोलणे अपरिहार्य ठरते.