कान आधीच कामात आहेत

कर्जत लाइनवर बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. अंबरनाथ तालुक्यातल्या या गावात अंध कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांतले बरेच जण लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून घर चालवतात. १७ एप्रिल २०२१ रोजी याच फलाटावरून एका अंध आईचं लेकरू रुळांवर पडलं. पॉइंट्समन मयूर शेळके यांनी येणाऱ्या गाडीपुढून त्याला उचललं, ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. अशा फलाटावर अंध माणसाचे कान आधीच कामात असतात: गाडीची चाहूल, उद्घोषणा, मागून येणारी पावलं. त्याच्या हातातला मोबाइल बोलतो तो या गुंतलेल्या कानांशी. हातातल्या संगणकावर आवाज वाजवण्याच्या आणि टिपण्याच्या विद्येचा आढावा म्हणूनच या कानांच्या बाजूनं घ्यायला हवा.

१९९६ साली आलेल्या पाम पायलट या हातातल्या संगणकाला नुसतं ‘टूं’ करता येई. स्वर किती उंच आणि किती वेळ, एवढंच प्रोग्रामरनं सांगायचं. नमुन्यांवर आधारलेला खरा ध्वनी पामच्या प्रणालीत २००२च्या पाचव्या आवृत्तीत आला. त्याआधीच, २००१मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीच्या अभियंत्यांनी ‘सिम्प्युटर’ दाखवला होता. लिनक्सवर चालणारा हा छोटा संगणक वाचता न येणाऱ्यांनाही वापरता यावा, असा हेतू होता. त्यामुळे बोलणं ही त्याची गरजच होती. त्यासाठी रमेश हरिहरन यांनी ‘ध्वनि’ हा भारतीय भाषा बोलणारा प्रोग्राम लिहिला. सिम्प्युटर बाजारात चालला नाही. ‘ध्वनि’ मात्र मुक्त सॉफ्टवेअर म्हणून टिकला आणि पुढे मराठीही बोलू लागला.

यंत्राच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची रांग. बोलणं टिपायचं तर मायक्रोफोनकडून येणारा हवेच्या दाबाचा चढउतार सेकंदाला १६,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप, म्हणजे नमुना, १६ बिटांत ठेवतात. सेकंदाला ३२,००० बाइट, मिनिटाला एकोणीस लाखांच्या वर. हे आकडे ‘बफर’मध्ये साठत पुढे सरकतात. बफरचा हिशेब याच कर्जत लाइनवरच्या उल्हासनगरकरांना शिकवायला नको, तो गच्चीवरच्या टाकीचाच आहे. टाकी लहान असली तर नळ मध्येच कोरडा पडतो, म्हणजे आवाज तुटतो. मोठी टाकी भरल्याशिवाय नळ सोडायचा नाही म्हटलं, तर वाट पाहावी लागते. ३,२०० नमुन्यांचा बफर भरायला २०० मिलिसेकंद लागतात. गाणं ऐकणाऱ्याला हा उशीर कळतही नाही. पण पडद्यावर बोट फिरवत एकेक बटण ऐकणाऱ्याचं बोट तेवढ्यात पुढच्या बटणावर गेलेलं असतं, आणि कानावर नाव येतं मागच्याचं. अँड्रॉइडमध्ये हा उशीर कमी करण्यासाठी ‘एऑडिओ’ ही नवी व्यवस्था आली ती थेट २०१७मध्ये.

कानानं संगणक चालवणं म्हणजे काय, हे स्वतःच्या गरजेतून शोधणारा एक माणूस पुण्यात वाढला. टी. व्ही. रामन चौदाव्या वर्षी काचबिंदूमुळे अंध झाले. वाडिया कॉलेजात गणित, पवईच्या आयआयटीत संगणकशास्त्र आणि १९९४मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास. पुढे गूगलमध्ये चार्ल्स चेन यांच्यासह त्यांनी डोळ्यांवाचून फोन वापरण्याच्या युक्त्या रचल्या. त्यांच्या डायलरमध्ये बोट काचेवर जिथे टेकेल तिथे ५चा आकडा, बाकीचे त्याच्या भोवती. बटण शोधण्याचं काम बोटाकडे गेलं आणि आवाजाकडे फक्त खात्री करून देणं उरलं. २००९च्या अँड्रॉइड १.६मध्ये पडदा वाचून दाखवणारा ‘टॉकबॅक’ आला. त्यासोबतचा आवाज इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश बोलायचा. भारतीय भाषा एकही नव्हती.

अँड्रॉइडवर मराठी आवाज नंतर आले: मुक्त सॉफ्टवेअर असलेला ‘ईस्पीक’, आयआयटी मद्रासच्या पुढाकारानं झालेला ‘इंडिक टीटीएस’, मग गूगलचा. त्यांतल्या ‘ईस्पीक’चा सूर यांत्रिक आहे. तरीही अनेक अंध वापरकर्त्यांना तो आवडतो, कारण वेग खूप वाढवला तरी शब्द सुटे ऐकू येतात. सूर गोड नसला तरी चालेल, बोलणं लवकर आटपावं आणि कान मोकळा व्हावा, हे त्यांचं गणित.

फोन बोलत असतानाच दुसऱ्या ॲपची जाहिरात गाऊ लागली तर? २०१०पासून अँड्रॉइडमध्ये ‘ऑडिओ फोकस’ आहे: आवाज करण्याआधी परवानगी मागायची, दुसऱ्यानं मागितली की गप्प व्हायचं किंवा आवाज कमी करायचा. पण ही व्यवस्था दीर्घकाळ सौजन्यावरच चालली. परवानगी न मागणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

टिपण्याची बाजूही अशीच. प्रोग्रामरनं मायक्रोफोन उघडताना तो कशासाठी हवा हे सांगायचं असतं. संभाषणासाठी म्हटलं की फोन प्रतिध्वनी आणि गोंगाट कापतो, आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो. बोलणं ओळखण्यासाठी म्हटलं की ही ढवळाढवळ कमी होते. चुकीचा पर्याय निवडला तर पंख्याच्या घरघरीबरोबर शब्दांचे शेवटही जातात. पुढचा प्रश्न टिपायचं कोणाचं. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी बोलणं स्मार्टफोनवर गोळा केलं होतं. त्यांत ग्रामीण आणि शहरी कष्टकरी होते, विद्यापीठातले विद्यार्थीही होते. कष्टकऱ्यांचं ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं.

या निष्कर्षाची कसोटी कर्जत लाइनच्या आपल्या पट्ट्यात चांगली लागेल. उल्हासनगरच्या दुकानात एकाच वाक्यात सिंधी, हिंदी आणि मराठी येते. अंबरनाथ-बदलापूरच्या गावांत आगरी बोलतात, डोंगराकडे कातकरी आणि ठाकरी. शांत खोलीत पुस्तकी मराठीवर घडवलेला प्रोग्राम इथे अडखळणारच; टिपायला हवं ते इथल्याच माणसांचं बोलणं.

आवाज वाजवणं आणि टिपणं आता कोणत्याही फोनवर चार ओळींत जमतं. ऐकणाऱ्याचे कान आणखी कशात गुंतलेत याचा विचार मात्र त्या चार ओळींत नसतो. तो प्रोग्रामरलाच करावा लागतो. त्याची परीक्षा साधी आहे. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये ॲप चालवावं आणि ते एखाद्या अंध विक्रेत्याच्या हाती द्यावं. नाव वेळेवर ऐकू आलं का, उद्घोषणा झाकली गेली का, आणि गर्दीत बोललेलं फोनला कळलं का, हे तो सांगेल. परीक्षक म्हणून त्या वेळेचा मोबदला त्याला द्यावा.